रावेर वॅगन्सचे मालक

सुपडूआबा भारंब्यांनी उभ्या आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. त्या खेळातली बॅट चपटी असते की गोल, यावर पिंप्राळ्याच्या रिक्षा स्टॉपवर आमची एकदा अर्धा तास हुज्जत झाली होती. ती गोल असते हे मी कॅलेंडरवरचं चित्र आणून दाखवलं, तेव्हा आबा म्हणाले, "मंग तो सोटा झाला. सरळ सोटा म्हना ना, मास्तर." तरीही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सव्वा वर्ष आबा एका अमेरिकन बेसबॉल संघाचे मालक, मॅनेजर आणि सर्वेसर्वा होते.

संघ खरा नव्हता. खेळाडू खरे नव्हते, सामनेही कुठे होत नसत. अमेरिकेतली बारा माणसं कॉम्प्युटरवर मिळून चालवत असलेली ती एक लुटुपुटूची लीग होती. खेळाडूंची नावं कॉम्प्युटरनेच ठेवलेली, त्यांचं वय, ताकद, दुखणीखुपणी सगळं कॉम्प्युटरनेच ठरवलेलं. दर आठवड्याला वॉल्ट नावाचा त्यांचा मुख्य एक बटण दाबायचा आणि सगळ्यांचे सामने एका मिनिटात होऊन जायचे. खरे असायचे ते फक्त सौदे. तुझा हा खेळाडू मला दे, माझा तो तू घे. आणि सौदा खरा असला की आबांना बाकीचं जग खोटं असलं तरी चालायचं.

आबा मूळचे रावेरचे. चाळीस वर्षं त्यांनी केळीचा व्यापार केला, वॅगनी भरभरून दिल्लीला माल पाठवला. मग छातीत दुखायला लागलं, तेव्हा धंदा पुतण्याच्या गळ्यात घालून ते आणि शांताअक्का जळगावात आमच्या शेजारी राहायला आले. धंदा रावेरला राहिला, पण सवय बरोबर आली. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळून "एकशे साठ" म्हटलं की आबा म्हणायचे, "एकशे चाळीस लावा, साहेब. आमी नेहमीचे." माझी बदली धुळ्याहून जळगावला झाली तेव्हा बायकोने शेजारधर्म म्हणून वाटीभर लोणचं पाठवलं. आबांनी वाटी हातावर तोलून पाहिली आणि निरोप धाडला, "दोन वाट्या देत असाल तर आमी एक वाटी तूप देऊ." बायको धुळ्याची. ती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "हाऊ माणूस येडा शे का काय?" संध्याकाळी मात्र तिने दोन वाट्या पाठवल्या, आणि तूप चांगलं निघालं.

हे बेसबॉल सुरू झालं ते एका दुपारी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, शाळा सकाळची होती. जेवून जरा आडवा झालो होतो, तर आबा दारात. हातात वहीच्या कागदाचा कपटा. त्यावर इंग्रजी अक्षरं होती, पण लिहिलेली नव्हती, काढलेली होती; मुलं रांगोळी काढतात तशी.

"मास्तर, हा पत्ता कुठी लागते?"

"आबा, हा ई-मेलचा पत्ता आहे. कॉम्प्युटरवरचा."

"मंग चला कॉम्प्युटरवर."

स्टँडजवळ तेव्हा नुकतंच एक सायबर कॅफे उघडलं होतं. सुनीताताई नावाच्या बाईंचं आधी तिथे फोनचं बूथ होतं. त्यांनी फोनची काचेची केबिन तशीच ठेवून शेजारी दोन कॉम्प्युटर मांडले होते. त्यातला एक चालायचा. आबांनी सांगितलं तसं, 'तुमच्या खेळात जागा आहे का' असं मी त्या पत्त्यावर लिहिलं आणि चार दिवसांत वॉल्टचं उत्तर आलं: बारा संघांपैकी एक रिकामा आहे, सगळ्यात खालचा आहे, घ्यायचा तर घ्या, नाव काय ठेवायचं ते कळवा.

"हा पत्ता तुम्हाला कुठे मिळाला?" मी विचारलं.

"तुमाले काय करायचं? नाव लिहा. रावेर वॅगन."

रावेरचं स्पेलिंग इंग्रज माणूस रेव्हर असं वाचणार, आणि रेव्हर म्हणजे बरळणारा. मी इंग्रजीचा मास्तर असूनही हे आबांना सांगितलं नाही आणि 'रावेर वॅगन्स' लिहून टाकलं. मला वाटलं, दोन आठवड्यांचा खेळ आहे.

दुसऱ्या आठवड्यात आबांनी संघाची यादी माझ्याकडून मराठीत लिहून घेतली आणि पंचवीस खेळाडूंची प्रतवारी लावली. पंचविशीच्या आतला तो नवती, म्हणजे नव्या लागवडीची बाग. तिशीपर्यंतचा पिलबाग, म्हणजे कापलेल्या खोडाच्या बाजूने फुटलेलं दुसरं पीक. तिशीच्या पुढचा वापसी. रावेरच्या बाजारात मागे टाकलेल्या मालाला वापसी म्हणतात. चेंडू टाकणारा तो फेक्या, मारणारा तो ठोक्या. हॅरिगन नावाचा एक दांडगा ठोक्या होता, त्याचा त्यांनी हरीगण करून टाकला.

"मास्तर, केयी पिवयी झाली की विकायची नही. त्याच्या आधीच ती विकेल पाहिजे." हा त्यांचा एकमेव सिद्धांत. हरीगण तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि धडाधड चेंडू ठोकत होता. टेक्सासचा डेनिस नावाचा मॅनेजर त्याच्यावर लुब्ध होता. आबांनी डेनिसच्या जुन्या सौद्यांची यादी मागवली, माझ्याकडून वाचून घेतली आणि निदान केलं, "हा माणूस मागच्या हप्त्याचा भाव पाहून या हप्त्याले माल घेते. असा माणूस देवानं व्यापाऱ्यासाठी पाठवेल असतो."

सौदा कसा करायचा हे मी तेव्हा शिकलो. जो खेळाडू हवा त्याचं नाव आधी घ्यायचं नाही. पाच नावं मागायची, त्यात हवा तो चौथा. समोरच्याने तीन नाकारले की हिरमुसून म्हणायचं, बरं, मग तो चौथा तरी द्या. उत्तर आलं की तीन दिवस गप्प बसायचं. या तीन दिवसांत डेनिस दोन मेल पाठवायचा. "पाहा, गाडीच्या मागं पयते हा," आबा म्हणायचे. हरीगण देऊन त्यांनी डेनिसकडून दोन नवती उचलले. सहा आठवड्यांत हरीगणाचा खांदा निखळला. डेनिसने मला, म्हणजे आबांना, जे लिहिलं ते मी वर्गात कधीच शिकवलेलं नव्हतं.

जखमी खेळाडू तर आबा पेंढीच्या भावाने गोळा करायचे. हंगाम संपला की बाकीचे मॅनेजर झोपी जात, आबा तेव्हा बाजार करायचे. पहिल्या हंगामात शेवटून पहिले असलेले वॅगन्स दुसऱ्या हंगामात वरून तिसरे आले. वॉल्टने नवा नियम काढला, की एका संघाला महिन्यात चारच्या वर सौदे करता येणार नाहीत. नियमात नाव नव्हतं; पण महिन्याला चारच्या वर सौदे करणारा माणूस बारांत एकच होता. आबांनी तो नियम मला तीनदा वाचायला लावला आणि तिन्ही वेळा छाती फुगवली.

मला यात फार मोठेपणा वाटत नव्हता, हे सांगायला हवं. रोज दुपारची माझी झोप जात होती. शिवाय न पाहिलेल्या खेळातल्या नसलेल्या माणसांसाठी असलेल्या माणसांना गंडवून इतकं खूश होणारा म्हातारा जवळून पाहिला, की मनुष्यस्वभावावरचा विश्वास वाढत नाही. आणि मला आबांचा एक सौदा माहीत होता, जो त्यांनी केलाच नव्हता.

त्यांना एकुलती एक मुलगी होती, मनीषा. पुण्यात इंजिनियर झाली, तिथेच वर्गातल्या एका मुलाशी लग्न करायचं म्हणाली. मुलगा हुशार, निर्व्यसनी, कमावता, पण मद्रासकडचा. जो माणूस लोणच्याच्या वाटीवर घासाघीस करतो, त्याने इथे एक शब्द घासाघीस केली नाही. आडनाव ऐकलं आणि विषय संपवला. मनीषाने लग्न केलं, दोघं अमेरिकेला गेली, त्याला पाच वर्षं झाली होती. तिची पत्रं अक्कांच्या नावावर येत. अक्का पत्र उघडायला लागल्या की आबा चपला घालून बाहेर जात, आणि भर उन्हात कॉलनीला फेरी मारून येत. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. पोस्टमन दिसला आणि आबा फाटकाबाहेर पडले, की माझी बायको म्हणायची, "मनीचं पत्र आलं वाटतं."

तर लीगमध्ये सिड नावाचा एक मॅनेजर होता, न्यू जर्सीचा. त्याच्याकडे पाइक नावाचा डावखुरा फेक्या होता. आबा त्या पाइकच्या मागे लागले होते, आणि तो सौदा काही केल्या होत नव्हता. एक महिना झाला, चार झाले. आबा दोन नवती देऊ करत, सिड तीन मागायचा. सिड दोनांवर यायचा, की आबा एकावर जायचे. त्यात पाइक बत्तीस वर्षांचा झाला.

"आबा, हा तर केव्हाच वापसी झाला. तुमचाच नियम आहे," मी म्हणालो.

"तुमी लिहा."

"काय लिहू? तीन दिवस थांबायचं ना?"

"नही. आज लिहा. अन् विचारा, तठी थंडी पडली का?"

सिडला उत्तर देताना आबा तीन दिवस कधीच थांबत नसत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शिवाय प्रत्येक मेलच्या शेवटी काहीतरी शेपूट असायचं. ऑफिस किती लांब आहे? घरात स्वयंपाक कोण करतं? बर्फावरून गाडी घसरत नाही का? मी कारण विचारलं, तर म्हणाले, "भाव काढताना समोरच्याच्या घरचं विचारावं. मानूस सैल होते." मला ते पटलं. मी ते वहीतही लिहून ठेवलं. तो सिडही चमत्कारिक. सौद्याबद्दल दोन ओळी लिहायचा आणि थंडीबद्दल आठ.

मग मार्गशीर्षातल्या एका दुपारी सिडची मेल आली. मी नेहमीप्रमाणे एकेक वाक्य मराठीत करून सांगत होतो. पाइकच्या बदल्यात अजूनही दोन खेळाडू हवेत. उशिराबद्दल माफ करा, घरी गडबड आहे. बायकोला सातवा महिना आहे, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. स्वयंपाक मीच करतो. तिला सारखं भाजलेल्या वांग्याचं काहीतरी खावंसं वाटतंय, मी दोनदा केलं, दोन्ही वेळा तिने ताट सरकवलं. ती म्हणते, मुळात वांगी हिरवी पाहिजेत, आणि इथे सगळी जांभळी...

मी थांबलो. आमच्या जळगावकडच्या भरताचं हिरवं वांगं न्यू जर्सीत कोणाला आठवेल? मी आबांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे पाहत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी पाहत होते.

"उठायचं नही, आसं लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काहाले? काही जास्त आहे का?"

"तेवढंच लिहिलंय, आबा. सिड म्हणजे तुमचे..."

"श्रीधर नाव आहे त्याचं. हापिसात सिड म्हनतात." मग म्हणाले, "पोरगी कागद वाया जाऊ देत नही. नवरा हा खेळ खेयते, त्याच्या छापेल कागदाच्या पाठकोऱ्या बाजूले पत्र लिहिते. मी हिच्या पेटीतून काढून पाहिलं. मांगच्या बाजूले हा पत्ता होता."

पाच वर्षं चपला घालून बाहेर जाणारा माणूस नंतर घरी येऊन चोरून पत्रं वाचत होता. मला राग आला, हे कबूल करतो. पोरीला एक ओळ लिहायची तर या गृहस्थाने न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत बाजार मांडला होता आणि मला वर्षभराच्या झोपेला मुकवलं होतं. काहीतरी लागेल असं बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आबा उठून उभे राहिले होते.

"चला घरी. हिले विचारा लागीन."

अक्का ओसरीवर गहू निवडत होत्या. आबा समोर उभे राहिले, एकदा खाकरले आणि म्हणाले, "भरीत कसं करते तू?"

अक्कांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "जीव घाबरू राह्यला का तुमचा? डाक्टरले बोलावू?"

"मी काय विचारतो? भरीत. मास्तर लिहून घेऊ राह्यले."

"चाळीस वर्सं खाल्लं अन् आज विचारता?"

अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, माझ्या हातातल्या वहीकडे. मग सूप खाली ठेवून सांगायला लागल्या. वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर फुटतं. कापसाच्या काड्यांवर भाजलं तर उत्तम, नाहीतर जाळावर धरा, पण साल पार काळी झाली पाहिजे. हिरव्या मिरच्या आणि लसूणही भाजूनच घ्या. वांगं वाटू नका, लाकडाने ठेचा. तेलात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तांबूस करा. कांद्याची पात बारीक चिरून घाला. मी लिहीत होतो. आबा मान हलवत होते, जणू हे सगळं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं आणि ते फक्त ताळा करून पाहत होते.

आम्ही परत निघालो. फाटकाशी पोचलो तेव्हा अक्कांनी मागून हाक मारली.

"पात तठी भेटत नसीन, तर साधा कांदा टाका म्हना. अन् मिरच्या दोनच. तिले या दिवसांत तिखट नको."

तिचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. आबा मागे वळले नाहीत. चालत राहिले.

ती मेल लिहायला मला उरलेली सगळी दुपार लागली. ठेचा या शब्दापाशी माझं इंग्रजी संपलं. पाइकबद्दल काय लिहू, असं विचारलं, तर आबा म्हणाले, "तो विषय राहू द्या. नही, थांबा. लिहा. एक नवती देतो, एकच." आबांना त्या दिवशीही सरळ लिहिता आलं नाही. खाली सही नेहमीचीच केली: मॅनेजर, रावेर वॅगन्स.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. वांगं भाजताना घरभर धूर झाला, छताला लावलेली धुराची घंटा वाजायला लागली, खालच्या मजल्यावरची म्हातारी कोट घालून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. भरीत मात्र जमलं. तिने पूर्ण वाडगं संपवलं आणि रडली. मग पुढे श्रीधरने लिहिलं होतं ते मी आबांना वाक्यावाक्याने सांगितलं:

"रावेर नाव असलेली तुमची पहिली मेल आली त्या दिवसापासून मनीषा प्रत्येक मेल वाचते. पाइक तुम्हाला केव्हाच देऊन टाकावा, असं मला वाटत होतं. म्हातारा झालाय, माझ्याही कामाचा नाही. पण तिने सक्त बजावलंय की सौदा पुरा करायचा नाही. ती म्हणते, सौदा झाला की आबा उठून जातात."

त्याखाली फोन नंबर होता. आणि आमच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा तुमच्याकडे सकाळ असते, एवढंच.

आबांनी टोपी काढली, परत घातली. आम्ही रिक्षाने घरी आलो. रिक्षावाल्याने सांगितलं तेवढे पैसे देऊन उतरले. त्याने खिशात घालताना दोनदा वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघत होतो, तर दोघं फाटकात उभी. आबांच्या अंगात इस्त्रीचा सदरा, अक्का लग्नकार्यातल्या लुगड्यात. मी शाळेत उशिरा येतो असा निरोप धाडला आणि त्यांच्याबरोबर गेलो. सुनीताताईंनी नंबर लावून दिला. काचेच्या केबिनमध्ये एकच माणूस मावेल एवढी जागा, त्यात दोघं शिरली. फोन आबांनी उचलला.

मी बाहेरच्या बाकावर बसून पाहत होतो. ज्या माणसाचं तोंड मी एवढ्या काळात मिटलेलं पाहिलं नव्हतं, तो काही बोलतच नव्हता. एकदा त्यांनी बोट वर करून काही सांगायला सुरुवात केली, आणि बोट खाली आलं. नुसती मान हलत होती. काचेवर वाफ धरली होती, ती त्यांनी कोपराने पुसली, मग धोतराच्या सोग्याने डोळे. शेवटी अक्कांनी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, तेव्हा आबा बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"मले बोलूच देल्लं नही. पाच वर्साचं सगळं एका दमात." त्यांनी श्वास घेतला. "सगळं खरं बोलली पन."

"मग? काय ठरलं?"

"म्हने, बायतपनाले दोघं या. मी म्हनलं, आईले पाठवतो. नही म्हने. मी म्हनलं, बारशाले येतो. तेही नही. एक पाऊल मांग हटली नही."

केबिनमध्ये अक्का अजून बोलत होत्या. एका हाताने लसणाचं प्रमाण दाखवत होत्या, जणू पलीकडून दिसतंय. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "पासपोर्टाचा फारम इंग्रजीत आसतो का?"

"इंग्रजीतच असतो."

"मंग शाळेत आजच्या दिवसाची रजाच सांगा." आणि ते माझा हात धरून उठले.